दूध नासायच्या आत: संस्थेच्या सातत्याची ऑन्टॉलॉजी कशी बांधायची

ऑगस्ट २०१९. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. आमच्याकडे हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. महामार्ग शिरोलीजवळ बंद, शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रं स्वतःच पाण्यात. मी तेव्हा त्या भागातल्या एका दूध संघाच्या संगणक विभागात होते आणि आमच्या कपाटात ‘आपत्कालीन नियोजन’ नावाची जाडजूड फाइल होती. वीज गेली तर जनरेटर. डिझेल संपलं तर अमुक पंप, तिथे नसलं तर तमुक पंप. केंद्र बंद पडलं तर दूध शेजारच्या शीतकरण केंद्राकडे. एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त दोन्ही पंपांकडे आणि शेजारच्या केंद्राकडे जायला ओढ्यावरचा एकच पूल होता, आणि ही तीन वाक्यं फाइलीत तीन वेगवेगळ्या पानांवर होती. तिन्ही पानं एकत्र ठेवून कुणी वाचलीच नव्हती.

बॉयलरवरचे मामा म्हणाले, “ताई, जनरेटर हाय की. पण त्याला पाजायचं काय?”

पाच हजार लिटरचा कूलर संध्याकाळी ओतून द्यावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत हाताशी वेळ होता तेव्हा मी त्या फाइलीची ऑन्टॉलॉजी करायला बसले. तेव्हापासून दोन-तीन संस्थांसाठी हे काम केलंय. कसं करायचं आणि कुठे ठेच लागते, ते इथे लिहिते. उदाहरण दुधाचंच ठेवते, कारण दूध वाट बघत नाही. तुमच्याकडे रुग्णालय असेल, पतसंस्था असेल, छपाईचा कारखाना असेल. नावं बदला, सांगाडा तोच राहतो.

ऑन्टॉलॉजी हा शब्द तत्त्वज्ञानातला. तिकडे मराठीत त्याला सत्ताशास्त्र म्हणतात, आणि हे नाव मी एकदा संचालकांच्या बैठकीत उच्चारलं तर सगळ्यांना वाटलं निवडणुकीचा विषय निघालाय. संगणकात त्याचा अर्थ साधा आहे: आपल्या कामाच्या जगात कोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकमेकींशी काय नाती आहेत, हे यंत्राला तर्क करता येईल इतकं नेमकं लिहून ठेवणं. टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये केलेली आणि अजूनही सगळे सांगतात ती व्याख्या याच वळणाची आहे. एक्सेलच्या तक्त्यात तुम्ही लिहिलंत तेवढंच असतं. ऑन्टॉलॉजी तुम्ही लिहिलेल्यातून पुढे काय निघतं तेही सांगते. पुलाची भानगड नेमकी ‘पुढे काय निघतं’ या जातीची होती.

साधनं फुकट आहेत. लिहायला प्रोटेजे, स्टॅनफर्ड विद्यापीठाचं. भाषा आउल, ती २००४ मध्ये प्रमाणित झाली, सध्याची दुसरी आवृत्ती २००९ ची. तर्क चालवायला हर्मिट, ते प्रोटेजेतच मिळतं. प्रश्न विचारायला स्पार्कल, आणि माहिती पुरी भरली आहे का हे तपासायला शॅकल. शॅकलशिवाय चालेल असं मला आधी वाटायचं. चालत नाही, का ते पुढे येईल. आयएसओ २२३०१ हे व्यवसाय सातत्याचं, म्हणजे संकटातही काम चालू ठेवण्याचं, मानक जवळ असेल तर उत्तम, २०१९ ची आवृत्ती घ्या. त्यातलं कलम ८.२, म्हणजे व्यत्ययाचा कामावर काय परिणाम होतो त्याचं विश्लेषण, हा आपला कच्चा माल.

आधी प्रश्न

प्रोटेजे उघडायच्या आधी एक वही घ्या आणि प्लांटवर फिरा. कार्यालयात बसून प्रश्न सुचत नाहीत. मी रिसेप्शन डॉकवर, म्हणजे टँकर रिकामे होतात तिथे, सकाळच्या पाळीला आठवडाभर उभी राहिले आणि लोक ज्या भाषेत काळजी करतात त्याच भाषेत प्रश्न उतरवले. ‘संध्याकाळचं दूध आत घेतलं आणि लाइट गेली तर किती वेळ?’ ‘दोन्ही ड्रायव्हर एकाच गावचे, तिथे पाणी आलं तर टँकर कोण आणणार?’ ‘फॅट काढायचं मशीन बंद पडलं तर दूध घ्यायचं का परत पाठवायचं?’ ‘दहा दिवसांचं बिल अडकलं तर उत्पादक किती दिवस गप्प बसतील?’ असे बावीस प्रश्न झाले.

नियम एकच ठेवा: यातल्या एखाद्या प्रश्नाच्या उत्तराला लागत नाही ती गोष्ट मॉडेलमध्ये घालायची नाही. मी पहिल्या खेपेला हा नियम मोडला. खुर्च्यांसकट सगळं घातलं, एकशे चाळीस वर्ग, म्हणजे गोष्टींचे प्रकार, झाले, आणि महिनाभराने मलाच त्यातलं काही सापडेना. दुसऱ्या खेपेला एकतीस उरले. तेवढ्यात बावीसही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

वर्ग, आणि मोठ्याने म्हणून बघायची चाचणी

वरच्या थरात सहा वर्ग पुरतात: काम, गरज, साधन, जागा, भूमिका, व्यत्यय. संकलन, शीतकरण, पाश्चरीकरण, पिशवी भरणं, वाटप, बिल देणं ही कामं. जनरेटर, टँकर, अमोनियाचा कॉम्प्रेसर, पिशवीची फिल्म, संगणकातली उत्पादकांची यादी, ही साधनं. ‘गरज’ हा वर्ग पुस्तकी नमुन्यांत बहुतेक वेळा वेगळा नसतो. माझ्या मते सगळ्याचा कणा तोच आहे. त्याकडे येतेच.

नवशिक्याची हमखास चूक म्हणजे ‘प्रकार’ आणि ‘भाग’ यांची गल्लत. कॉम्प्रेसर शीतकरण यंत्रणेच्या खाली टाकला जातो, कारण तो तिच्यात असतो. वाक्य मोठ्याने म्हणून बघा: ‘प्रत्येक कॉम्प्रेसर ही एक शीतकरण यंत्रणा असते.’ कानाला खटकलं ना? मग तो उपवर्ग नाही, भाग आहे. दुसरी चूक अधिक चिवट. ‘पर्यायी टँकर’ असा वर्ग करायचा मोह होतो. पण तो टँकर पश्चिमेच्या मार्गावर रोजचा असतो आणि पूर्वेच्या मार्गावर पर्यायी. पर्यायी असणं हा त्याचा स्वभाव नव्हे, त्या गरजेपुरतं त्याचं नातं आहे. माणसांचंही तसंच. ‘शिफ्ट इन्चार्ज’ ही भूमिका, आणि ती निभावणारा माणूस वेगळा. हे वेगळं ठेवलं म्हणूनच आम्हाला दिसलं की फाइलीतल्या पाच भूमिकांच्या नावांपुढे एकच गृहस्थ होते. पुरात ते स्वतःच्या म्हशी सोडवायला गेले असते तर पाचही खुर्च्या एकदम रिकाम्या.

गरज मध्ये का घालायची

सुरुवातीला मी सरळ लिहिलं होतं. आउलमधल्या नावांना देवनागरी चालते, त्यामुळे हे असंच्या असं लिहिता येतं:

:संकलन :अवलंबून :शीतकरण .
:शीतकरण :अवलंबून :वीज .

‘अवलंबून’ हे नातं संक्रमणशील आहे (‘अ’ला ‘ब’ लागतो, ‘ब’ला ‘क’ लागतो, तर ‘अ’लाही ‘क’ लागतो) असं जाहीर केलं की संकलन विजेवर अवलंबून आहे हे हर्मिट आपणहून सांगतं. बघायला छान वाटतं. मग मी जनरेटर घातला. शीतकरण फीडरवर, म्हणजे बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिनीवर, अवलंबून आणि शीतकरण जनरेटरवर अवलंबून, अशी दोन वाक्यं झाली. पण या दोन वाक्यांचा अर्थ यंत्राला ‘दोन्ही लागतात’ असाही घेता येतो, आणि आपल्याला म्हणायचं असतं ‘यातलं एक पुरे’. ‘आणि’ व ‘किंवा’ यांतला हा फरक हरवला तर सातत्याचं मॉडेल कुचकामी, कारण सातत्य म्हणजेच ‘किंवा’.

म्हणून मध्ये गरज बसवायची. कामाला गरज असते. ती गरज एक किंवा अनेक साधनं भागवतात. आणि साधनांनाही आपापल्या गरजा असतात.

:शीतकरण :गरज_आहे :शीतकरणाला_वीज .
:फीडर :भागवतो :शीतकरणाला_वीज .
:जनरेटर :भागवतो :शीतकरणाला_वीज .
:जनरेटर :गरज_आहे :जनरेटरला_डिझेल .
:पंप_१ :भागवतो :जनरेटरला_डिझेल .
:पंप_२ :भागवतो :जनरेटरला_डिझेल .
:पंप_१ :गरज_आहे :पंप_१_चा_रस्ता .
:पंप_२ :गरज_आहे :पंप_२_चा_रस्ता .
:ओढ्यावरचा_पूल :भागवतो :पंप_१_चा_रस्ता .
:ओढ्यावरचा_पूल :भागवतो :पंप_२_चा_रस्ता .

शेवटच्या दोन ओळी वाचा. फाइलीतला पूर इथे उघडा पडतो. एका कामाच्या सगळ्या गरजा भागायला हव्यात. एका गरजेला मात्र एक साधन पुरे. एवढं वाक्य भिंतीवर लावून ठेवा.

‘अवलंबून’ हे नातं आता हाताने भरायचं नाही. ‘गरज आहे’ आणि ‘भागवतो’चं उलटं नातं, ही साखळी जोडली की ‘थेट अवलंबून’ निघतं. आणि ‘थेट अवलंबून’ला ‘अवलंबून’चं उपनातं केलं, ‘अवलंबून’ला संक्रमणशील केलं, की थेट काय आणि दूरचं काय हे वेगळं विचारता येतं. सगळंच संक्रमणशील करून ठेवाल तर ‘मामा कुणाला थेट फोन करणार’ या प्रश्नाला अख्खा जिल्हा उत्तर म्हणून येतो. आणखी एक: संक्रमणशील नात्यावर ‘किमान दोन हवेत’ अशी मोजणी आउल करू देत नाही. मोजणी ‘भागवतो’च्या बाजूने करा.

तग

मानकाच्या भाषेत दोन वेळा महत्त्वाच्या. काम जास्तीत जास्त किती काळ बंद राहिलेलं सोसेल, ही एक. ते किती वेळात पुन्हा सुरू करायचं आपण ठरवलंय, ही दुसरी. ती पहिलीपेक्षा कमी हवी. आमच्या फाइलीत दोन्ही प्रत्येक विभागाने मनाने भरलेल्या होत्या आणि सगळीकडे ‘४ तास’ होतं. चार हा आकडा लोकांना का आवडतो कोण जाणे.

मी तिसरी वेळ घातली आणि तिला ‘तग’ म्हटलं. गरज भागायची थांबली तरी काम किती मिनिटं तग धरतं? हा गुण कामाचा नाही, गरजेचा. पाश्चरीकरणाला वीज लागते तिथे तग जवळपास शून्य, कारण दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलं नाही तर ते उलटं वळवावंच लागतं. गार पाण्याच्या बाबतीत बर्फाची टाकी असेल तर काही तास. पिशवीच्या फिल्मला आमच्याकडे नऊ दिवस.

आणि कूलर. फाइलीत लिहिलं होतं, ‘वीज नसताना कूलर आठ तास टिकतो.’ मी तेच भरलं. मामांना वाचून दाखवलं तर ते हसले. म्हणाले, “चार डिग्रीचं असलं तर आठ काय, रातभर ऱ्हाईल. पण सांजचं गरम दूध आत्ताच वतलंय आणि लाइट गेली, तर दोन तासांत बघा.” टाकी तीच, झाकण तेच, आणि तग दोन. आठ तासांचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकातला होता आणि थंड दुधासाठी बरोबरच होता. आम्ही त्या गरजेचे दोन भाग केले, ‘साठवलेल्या दुधाला गारवा’ आणि ‘नुकत्या घेतलेल्या दुधाला गारवा’, आणि दुसऱ्याला १२० मिनिटं दिली. हा आकडा कागदावरून कधीच मिळाला नसता. रोज त्या दुधाची उकळून चाचणी घेणाऱ्या, ते फाटताना पाहिलेल्या माणसाकडूनच तो मिळतो.

साधनाच्या बाजूला दोन आकडे भरा: चालू व्हायला किती मिनिटं, आणि चालू झाल्यावर किती मिनिटं पुरतं. आमचा १२५ केव्हीएचा जनरेटर, चालवणारा माणूस जागेवर असेल तर दहा मिनिटांत सुरू. दोनशे लिटर डिझेल, तासाला साधारण वीस लिटर, म्हणजे सहाशे मिनिटं. रात्री चालवणारा घरी असतो. मग दहाचे पन्नास होतात. दोन्ही भरा आणि हिशोब वाईटाने करा.

हे आकडे मिनिटांत, साध्या पूर्णांकात ठेवा. ‘कालावधी’ नावाचा एक तयार प्रकार दिसेल, पण आउल दोनच्या ठरलेल्या प्रकारांत तो नाही, आणि हर्मिट अडखळतं. अंक मात्र देवनागरी चालत नाहीत. नाव देवनागरीत चालतं म्हणून मी हौसेने आकडाही देवनागरीत टाइप केला आणि दुपारभर फाइल का उघडत नाही ते शोधत बसले.

नावांचीही एक खोच आहे, आणि ती मराठी लिहिणाऱ्यालाच लागते. ‘ॲमोनिया’तला पहिला स्वर एका कळीने अखंड येतो, किंवा ‘अ’ लिहून त्यावर चंद्र दिला तरी येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावं. माझ्या मॉडेलमध्ये अमोनियाचे दोन कॉम्प्रेसर तयार झाले होते आणि अहवाल सांगत होता की आपल्याकडे पर्याय आहे! तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूला साधा सांकेतिक क्रमांक देते आणि मराठी नाव लेबलात ठेवते. वर देवनागरी नावं दाखवली ती वाचायला सोपी म्हणून.

यंत्राचा भोळेपणा

आउल असं मानतं की जे लिहिलेलं नाही ते ‘नाही’ नसून ‘माहीत नाही’ आहे. तत्त्व म्हणून हे शहाणपणाचं. पण एखाद्या गरजेला एकच साधन लिहिलंत म्हणून हर्मिट ‘पर्याय नाही’ असं कधीच ओरडणार नाही. ते म्हणतं, असेल की दुसरं कुठेतरी. मी पहिला तर्क चालवला, एकही लाल ओळ आली नाही, आणि संध्याकाळी पेढे वाटायच्या बेतात होते.

दुसरा भोळेपणा याहून मजेशीर. प्रत्येक केंद्राला ‘मुख्य फीडर’ एकच असतो असा नियम मी घातला. भरताना चुकून एका केंद्राला दोन फीडर लागले. मला वाटलं आता चूक दाखवेल. त्याने शांतपणे निष्कर्ष काढला की दोन्ही फीडर म्हणजे एकच फीडर, नावं दोन. कारण दोन नावं म्हणजे दोन वस्तू, असं तो धरून चालत नाही. आपल्याकडे नाही का, एकाच माणसाला घरी बाळू आणि सातबाऱ्यावर भलतंच? हे सगळे परस्परांपासून वेगळे आहेत असं स्पष्ट जाहीर करावं लागतं. केलं की मग विसंगती बरोबर पकडतो.

पहिल्या भोळेपणावर उपाय शॅकल. २०१७ पासून ते प्रमाणित आहे आणि समोर आहे तेवढंच धरून तपासतं. त्यात आमचे नियम असे: प्रत्येक गरजेला तगीचा आकडा हवाच, प्रत्येक साधनाला जागा हवीच, प्रत्येक गरजेला किमान दोन साधनं हवीत, नसतील तर इशारा, साधन चालू व्हायचा वेळ गरजेच्या तगीपेक्षा कमी हवा. शेवटच्या नियमात दोन वस्तूंच्या आकड्यांची तुलना आहे, तिथे शॅकलमध्ये स्पार्कलचा तुकडा लिहावा लागतो. जमेल.

मूल्यमापन: सरासरी नको

आता खरं काम. पहिला प्रश्न सोपा: एकाच साधनावर टेकलेल्या गरजा कोणत्या? आमच्या तेवीस गरजांपैकी सहा निघाल्या. त्या सगळ्यांना माहीत होत्या.

दुसरा प्रश्न खरा मोलाचा: एकाच गरजेची दोन वेगळी साधनं वर कुठे एकाच गोष्टीला जाऊन टेकतात का? स्पार्कलमध्ये हे चार ओळींत होतं. गरज घ्या, तिची दोन वेगळी साधनं घ्या, आणि दोघंही ‘अवलंबून’ आहेत अशी तिसरी गोष्ट मागा. यादीत थोडा भुसा येतो, कारण ती गोष्ट दोघांना लागतेच की नुसती लागू शकते हे या प्रश्नाला कळत नाही. भुसा हाताने पाखडा. आमच्या यादीत ओढ्यावरचा पूल सात ठिकाणी आला. तो पूल आमच्या मालकीचाही नव्हता, आणि फाइलीत त्याचं नाव एकदाही नव्हतं.

सामाईक गोष्ट नेहमी सिमेंटची असते असं नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि एनपीसीआयने, म्हणजे बँकाबँकांतली डिजिटल देवघेव चालवणाऱ्या संस्थेने, तिला काही काळ आपल्या जाळ्यापासून तोडलं; अनेक छोट्या बँकांचे व्यवहार अडले. मी त्याच आठवड्यात ‘बिल जमा करणं’ या कामाखालच्या दोन्ही बँकांना फोन करून विचारलं, तुमची यंत्रणा कोण चालवतं? दोघींचं उत्तर एकच आलं. पर्याय म्हणून दोन बँका ठेवल्याचा आम्हाला केवढा अभिमान होता. ‘सेवा पुरवणारा’ हा वर्ग तेव्हा घातला.

तिसरा प्रश्न पुराचा, म्हणजे प्रसंग उभा करून बघायचा. आमच्याकडे लोक उंची समुद्रसपाटीपासून सांगत नाहीत. ‘बंधाऱ्यावर ४५ झालं की आमच्या दारात पाणी’ असं सांगतात. मी तेच प्रमाण घेतलं. प्रत्येक जागेला आणि रस्त्याला ‘पाणी येतं, फूट’ हा आकडा दिला. मग ‘४५ फुटांना बुडणाऱ्या जागा’ हा वर्ग व्याख्येनेच तयार होतो. त्यात कोण पडतं ते हर्मिट ठरवतं. दोन माणसं दोन आकडे सांगतात तेव्हा दोन्ही नोंदवा, कोणी सांगितला तेही नोंदवा, आणि कमी आकडा धरा. बुडालेल्या साधनांना वगळल्यावर कोणत्या गरजा उघड्या पडतात आणि कितव्या मिनिटाला, हा हिशोब मात्र आउलच्या आवाक्याबाहेरचा. त्यासाठी पायथनमध्ये आरडीएफलिब (असं मॉडेल वाचणारं तयार साधन) वापरून पन्नासेक ओळींचा प्रोग्राम लिहिला: काम तेव्हाच टिकतं जेव्हा त्याची प्रत्येक गरज किमान एक जिवंत साधन भागवतं, साधन तेव्हाच जिवंत जेव्हा त्याच्याही गरजा भागतात, आणि दर पायरीला तग व पुरण्याचा वेळ मिळवत जायचं. फेऱ्यात अडकू नये म्हणून आधी भेट दिलेल्या गोष्टींची यादी ठेवा. आमच्याकडे फेरा होता: पंपाला वीज लागते डिझेल उपसायला, आणि आम्हाला डिझेल लागतं विजेसाठी.

संचालक मंडळाला टक्केवारी हवी असते. ‘आपण किती टक्के सज्ज?’ मी देत नाही. बावीस गरजा उत्तम आणि एक शून्य असेल तर सरासरी पंचाण्णवच्या घरात जाते, आणि दूध तरीही गटारात. कामाची प्रत म्हणजे त्याच्या सर्वांत दुबळ्या गरजेची प्रत. मी प्रत्येक कामापुढे एकच ओळ लिहून देते: ‘संकलन, ४५ फुटांना, वीज गेल्यापासून ७२० मिनिटांनी थांबतं, कारण डिझेल, कारण पूल.’ सहाशे मिनिटं जनरेटर, एकशेवीस तग. अध्यक्षांनी ही ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, “टाकी केवढ्याला येते?” टक्केवारी दिली असती तर त्यांनी अभिनंदनाचा ठराव केला असता.

चालू ठेवणं

प्लांटवरच्या कुणाला प्रोटेजे शिकवायच्या भानगडीत पडू नका. चार तक्ते द्या: कामं, गरजा, साधनं, जागा. ते एक्सेलमध्ये भरतात, प्रोग्राम त्यातून ऑन्टॉलॉजी बनवतो, शॅकल तपासून चुकीच्या ओळी लाल करून परत पाठवतं. फोन नंबर मॉडेलमध्ये ठेवू नका. ते महिन्याला बदलतात आणि एक चुकला की लोकांचा सगळ्यावरचा विश्वास जातो. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी सांगितला आणि कधी, हे ठेवा. आयएसओ मानकाच्या कलम ८.५ मध्ये सरावाचं सांगितलंय. सराव झाला की खरे आकडे भरा. आमच्या पहिल्या सरावात जनरेटर दहा मिनिटांत नाही, सव्वीस मिनिटांत लागला, कारण खोलीची किल्ली स्टोअरच्या कपाटात होती. ‘किल्ली’ हे साधन तेव्हा मॉडेलमध्ये आलं. खुर्च्या काढून टाकल्या होत्या, किल्ली घालावी लागली.

आम्ही दरवर्षी १ जूनला, पाऊस लागायच्या आधी, सगळे प्रश्न पुन्हा चालवतो. हजार लिटरची डिझेल टाकी आता जनरेटरच्या शेजारी, जोत्यावर आहे. पंप-दोन यादीतून काढला आणि त्या जागी ओढ्याच्या अलीकडचा एक ट्रॅक्टरवाला आला, त्याच्याकडे साठा असतो. पुलाचं नाव सातऐवजी दोन ठिकाणी येतं: टँकरचा मार्ग आणि मामांचं घर. मामा पुढच्या मार्चला निवृत्त होतायत, त्यामुळे त्यांचा १२० मिनिटांचा आकडा मी यंदा त्यांच्यासमोर, थर्मामीटर लावून, पुन्हा मोजून घेतला. एकशे दहा निघाला.